घरचा लंबोदर

रमणच्या पोटावर विनोद करायचा पहिला मान सुरेखाचा, हे पामर्स्टन नॉर्थ या परदेशी गावातल्या सगळ्या मराठी घरांना मान्य होतं. दर गणपतीत तिचं वाक्य ठरलेलं असे: "मूर्ती कशाला आणायची, आमचा लंबोदर बारा महिने घरातच असतो!" लोक हसत, नवरा सर्वांत मोठ्याने हसे आणि आणखी एक मोदक उचले. माणूस मोठा गोड, काय सांगावं!

दोन वर्षांपूर्वी, नेमकं गणपतीच्याच दिवसांत, टपालाने त्याच्या नावाचं किट आलं. साठी गाठली की इथे सरकारच पाठवतं. घरच्या घरी शौचाचा जरासा नमुना घ्यायचा, नळीत भरायचा, परत पोस्टात टाकायचा. आतड्याच्या कॅन्सरची शंका असली तर वेळेत कळते. सुरेखा मोदक तळत होती, तेव्हा रमण स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन घुटमळला.

"सुरेखा, ते सॅम्पल घ्यायचंय ना... मला वाकता येत नाही गं, पोट आड येतं. जरा मदत करशील?"

"अहो, घरात गणपती बसलाय आणि तुम्हाला हे सुचतंय? शी!"

एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण सुरेखाच्या जिभेला हाड कुठलं! आरतीनंतर पानं वाढताना तिने सगळ्यांना सांगून टाकलं, "आमच्या लंबोदराला स्वतःचं सॅम्पलसुद्धा घेता येईना!" शेजारची विनिता तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. रमणही हसला, पण त्या दिवशी त्याने मोदक घेतला नाही. विसर्जनानंतर सुरेखाने विचारलं तेव्हा "टाकलं पोस्टात" म्हणाला. तिनेही पुढे चौकशी केली नाही.

पुढच्या वर्षी त्याचं वजन उतरू लागलं आणि सुरेखाचा आनंद गगनात मावेना. साखर तिने बंद केली होती, सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून ज्वारीचं पीठ ती मागवत होती. मग श्रेय दुसऱ्या कुणाचं? त्याच्या पँटी कंबरेत आवळून शिवताना ती गुणगुणायची. फोनवर भावजयीला सांगायची, "बघ, दाखवलं की नाही करून!" तो दुपारचा झोपू लागला होता, ताट अर्धं टाकून उठत होता. दिसत सगळं होतं. कौतुकाच्या भरात तिने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

मग रक्त पडलं. दुर्बिणीने तपासणी झाली. आतड्यातला रोग यकृतापर्यंत पोचला होता, आता बरं होण्याची भाषा नव्हती. डॉक्टरांनी किटबद्दल विचारलं, तेव्हा रमण तिच्याकडे न बघता म्हणाला, "आय नेव्हर सेंट इट."

परतताना गाडीत तिला रडू आवरेना. "अहो, मला सांगायचंत तरी!"

"सांगितलं होतं गं," तो म्हणाला.

परवा सुरेखाच्या नावाचं किट आलं. ते टेबलावर ठेवून ती नुसती बघत बसली. रमण खिडकीपाशी खुर्चीत होता. त्याचा जुना स्वेटर आता त्याच्यासारखे दोघे मावतील एवढा ढगळ झाला होता.

"आजच करून टाक," तो म्हणाला. "मदत लागली तर सांग. मला आता वाकता येतं."

टोमणा असता तर तिने मान खाली घालून ऐकून घेतला असता. पण टोमणा त्याला कधी जमलाच नव्हता. तो खरंच विचारत होता, आणि खुर्चीचे हात धरून उठायलाही लागला होता.