दुसऱ्याचा गडी

सगुणा माझ्याच डोक्यातली. इतिहासाच्या पुस्तकात गुलामांवर जेमतेम दोन ओळी, त्यातून लेकरांना काय कळणार? म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी तिला रचली. गढीवर विकत आणलेली अकरा वर्षांची बटीक, दळता दळता पळून जायचं ठरवणारी. पाचवीच्या वर्गाला रोज थोडी थोडी सांगायचे आणि ऐन रंगात आली की थांबायचे. मास्तरकीत एवढी नाटकं चालतात.

"माणूस बी इकत मिळायचं, मॅडम?" बालाजीनं विचारलं.

"मिळायचं. बैलासारखे दात बघून."

पुढं सगुणा पळाली, शिपाई मागं लागले, एका तेलिणीनं तिला कणगीत लपवलं. तिथं थांबून मी विचारलं, "तुमच्या दारात आली असती तर?" सगळे हात वर. मुन्ना तर तिला कोंबड्यांच्या खुराड्यात दडवायला तयार! मिनाचा हात सगळ्यांत आधी वर गेला होता. मी फुशारून गेले. म्हणाले, "शाब्बास! अशा वेळी माणूस आधी, रीतभात मागून."

बोलायला काय जातं?

मिनाचा बाप लालसिंग हा उत्तमरावांचा सालगडी. बायको मिराबाई आणि मिनाला घेऊन त्यांच्या शेतातल्या आखाड्यावरच, म्हणजे गोठ्याशेजारच्या खोपटात राहायचा. फेब्रुवारीत हळद शिजवताना वाफेनं त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यातून तो परस्पर मेहुण्याकडं, कनेरगाव नाक्याला गेला. आमच्या भागात गड्याचं साल पाडव्याला संपतं, पण जितक्या दिवसांचा खाडा, तितके दिवस कुणीतरी भरून दिल्याशिवाय ते सुटत नाही. म्हणून त्याच्या जागी मिराबाई राबू लागली. ती एकटी पुरेना, तेव्हा उत्तमरावांनी मिनालाही कामाला ठेवून घेतलं. मी हजेरीपटावर मिनाची गैरहजेरी मांडत होते आणि उरलेल्या लेकरांना सगुणाची गोष्ट सांगत होते.

उत्तमरावांना मी काका म्हणते. ते माझ्या वडिलांचे जुने स्नेही. कुरुंद्याजवळच्या या गावात मला खोलीही त्यांनीच मिळवून दिलेली.

एका रविवारी भर दुपारी दार वाजलं. उघडलं तर मिराबाई आणि मिना, हातात एक गाठोडं.

"मॅडम, चारच्या बसपस्तोर बसू द्या," मिराबाई म्हणाली. "आखाड्यावर कोनाला सांगितलं न्हाई. भावाकडं चाललो. थांब्यावर बसलो तर कोनीबी पाहील."

"मीच म्हनलं, मॅडमकडं चाल," मिना म्हणाली.

मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, चहा ठेवला. दोन वाजले होते. दोन तास नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी काही नाही.

पण माझं माहेर पुसेगावचं, शेतीवाडीचं. आमच्या घरात एखादी चोरी माफ झाली असती, पण साल मोडून आलेल्या दुसऱ्याच्या गड्याला ओट्यावर टेकू द्यायचं नाही, हा नियम. टेकू दिलं तर गडी फोडला म्हणतात, आणि दोन घरांचं बोलणं कायमचं तुटतं. वडिलांनी एकाला अशाच उन्हात दारातून परत लावलेलं मी लहानपणी पाहिलं होतं.

मला वाटलं, काका समजूतदार आहेत. माझ्या शब्दाखातर या दोघींना स्वतः बसमध्ये बसवून देतील. लपवाछपवी कशाला? आपल्यावर बालंट नको, असंही वाटलं. खरं सांगायचं तर तेच आधी वाटलं.

मोबाईल घेऊन मी अंगणात गेले.

वीस मिनिटांत जीप आली. उत्तमराव अजिबात रागावले नाहीत. "काहून गं मिरा? सांगून निघाली असती तर म्या काय अडवलं असतं?"

"मग जाऊ द्या ना त्यांना, काका," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू येईना.

"जाऊ देतो की! खाडा भरला की म्या सोताच नेऊन सोडतो." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पुनम, बापाचं नाव राखलंस, पोरी. दुसरी असती तर गडी दडवून बसली असती."

लाज वाटली. इतकी की हात झटकायचंही सुचलं नाही.

मिराबाईनं माझ्याकडं पाहिलं नाही. चहाचे दोन्ही कप विसळून पालथे घातले, गाठोडं उचललं आणि जीपकडं चालू लागली. मिना मात्र दारात थांबली.

"तुमी फोन लावून राहिल्या होत्या, तवा मला वाटलं, बस बराबर टायमाला हाय का ते इचारून राहिल्या," ती म्हणाली. "मी मायला तसंच सांगितलं."

ती रागानं बोलली नाही. मी तिचा हात धरायला पुढं झाले, पण बाहेर हॉर्न वाजला, आणि उशीर झाला म्हणून बोलणी बसतील या भीतीनं ती पळत जाऊन जीपमध्ये बसली.