मनोऱ्याचा कागद

टूवा गेल्या उन्हाळ्यात तळ्यातल्या उडीच्या मनोऱ्यावर अगदी वरच्या फळीपर्यंत चढली आणि शिडीनेच खाली उतरली. लीनुसने वर्गभर केलेली टिंगल ती विसरली नव्हती. या वर्षी उडी मारणारच, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पण बर्फ वितळला तेव्हा शिडीवर आडव्या फळ्या ठोकलेल्या दिसल्या. कुणी म्हणे दुरुस्ती, कुणी म्हणे पाडणार.

"नगरपालिकेत जाऊन कागदच बघू," मी म्हणालो. शिक्षकाची नोकरी संपली, खोड राहिली. "आपल्या स्वीडनमध्ये सरकारी कागद कुणालाही मागता येतो. नाव सांगावं लागत नाही. कशाला हवाय, हेही कुणी विचारत नाही."

"मुलांनासुद्धा, सिक्स्टेनआजोबा?"

"मुलांनासुद्धा."

शाळा सुटल्यावर गेलो. खिडकीत टूवाची सख्खी मावशी, गुनिला, बसली होती. नियमांच्या बाबतीत बाई जरा जास्तच सोवळी.

"मावशी!"

"नमस्कार. काय हवंय आपल्याला?"

टूवा माझ्याकडे वळली. "हिला काय झालंय?"

"कामावर आहे ती. तुझं नाव विचारायचं नाही तिने."

"पण तिला माहितीय ते!"

"माहीत असू दे. विचारत नाहीये ना?"

टूवाने डोकं खाजवलं. "मनोऱ्याचं काय होणार, तो कागद हवाय."

"असा कागद अजून नाही."

गुनिलाच्या कोपराशी एक पान होतं. त्यावर मनोऱ्याचा फोटो होता.

"मग हे काय आहे?"

"तो मसुदा आहे. बांधकाम खात्याकडून समितीला गेला, की सरकारी कागद होईल."

"पण मला दिसतोय की!"

"दिसतोय. पण नाहीये."

हा धडा मी किती वर्गांना शिकवला असेल. त्या क्षणी मात्र मलाही तो नीट कळेना.

"कधी जाणार?"

"कॉफीनंतर."

आम्ही बाकावर बसलो. थोड्या वेळाने दार उघडून गुनिला बाहेर आली, टूवाच्या हातात दालचिनीचा पाव ठेवला आणि तिचे केस विस्कटले. "काय गं माकडा, भूक लागली असेल ना?"

"आता ओळखलंस होय!"

"आत्ता मी मावशी आहे. खिडकीत नगरपालिका असते."

"मग मावशी, त्या कागदात काय लिहिलंय?"

"मावशीला नाही माहीत."

"नगरपालिकेला?"

"ती कॉफी पितेय."

कॉफी संपली. मसुदा समितीला गेला, आणि पाठोपाठ छापलेलं पान खिडकीतून टूवाच्या हातात आलं. लाकूड कुजलं आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मनोरा पाडावा, अशी शिफारस होती.

टूवाने ते पुन्हा वाचलं. तिचा आवाज बारीक झाला. "ठरलंच मग?"

"नाही," मी म्हणालो. "ठरवणार समिती. पाडू नका, दुरुस्त करा, असं आपण सुचवू शकतो. गावात राहणारं कुणीही. तूसुद्धा."

गुनिलाने एक अर्ज पुढे सरकवला. "इथे नाव लिहावं लागेल."

"नाव लागत नाही म्हणाला होतात ना, आजोबा?"

"मागायला लागत नाही," मी चाचरत म्हणालो. "सुचवायला लागतं. म्हणणं कुणाचं आहे, ते समितीला कळायला नको?"

"मग माझा हा अर्जही कुणी मागितला तर?"

"देणार," गुनिला म्हणाली.

"लीनुसने मागितला तरी?"

"तरी. आणि त्याला मी नाव विचारणार नाही."

टूवाने पेन उचललं आणि तशीच थांबली. गेल्या वर्षी वरच्या फळीच्या टोकाशी उभी होती ना, अगदी तशीच. मागे लोक ताटकळत होते.

मग तिने लिहिलं.

"टूवा एकमार्क," गुनिलाने पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं वाचलं. "आणि पत्ता?"

"मावशी!"

"पत्ता लागतो."

टूवाने एक सुस्कारा सोडला, आणि ज्या घराच्या दारात रविवारी याच मावशीने तिला सायकलवरून आणून सोडलं होतं, त्याचा पत्ता सांगितला.