भिंतीला बोल लावण्याआधी

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. नक्षीच्या लाकडी पट्ट्या तिरक्या कापायचा. दिसायला अगदीच साधा. तळाला एक फळी, दोन बाजूंना दोन, आणि झाकणाचा पत्ता नाही. बाजूच्या फळ्यांत समोरासमोर तिरप्या खाचा आहेत. त्यांतून करवत चालवली की पट्टीचे टोक नेमके तिरके कापले जाते. अशी दोन टोके खोलीच्या कोपऱ्यात भेटली की जोड दिसत नाही. निदान दिसू नये, अशी अपेक्षा असते.

सुताराने मला सागाच्या उरलेल्या तुकड्यांतून बनवले. काटकोन तपासायचा गुण्या लावून त्याने माझी खाच न् खाच पारखली. "आता डोळे झाकून कापायचं," तो बायकोला म्हणाला. पट्टीचे दुसरे टोक धरायला तीच असे. आणि खरेच, पुढची बावीस वर्षे त्याने डोळे झाकूनच कापले. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

पण करवत घाईने चालली की पट्टीबरोबर थोडा मीही कापला जातो. माझी उजवी खाच हळूहळू रुंद झाली. काम संपले की माझ्यावर रंगाचे डबे ठेवत, कधी उंची कमी पडली तर पायही. कोपऱ्यांत फटी राहू लागल्या. सुतार भुशात सरस कालवून त्या बुजवी आणि म्हणे, "भिंतच वाकडी आहे." बिचाऱ्या भिंती! मला सगळे कळत होते. पण मी फार दमलो होतो, आणि सांगणार तरी कसा?

मग एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या खोलीचे काम आले. छताखालची जुनी पट्टी उतरवून, भिंती दुरुस्त करून, तीच पुन्हा बसवायची होती. नव्या गिलाव्याने खोली जराशी आखूड झाली, म्हणून पट्टीची टोके नव्याने कापावी लागणार होती.

"ही यांनी स्वतः रंधा मारून घडवली होती," बाई म्हणाल्या. "आता ते नाहीत, आणि अशी पट्टीही कुठे मिळायची नाही. जपून हं."

शेवटचा कोपरा उरला, शेवटची पट्टी उरली. सुताराने ती माझ्यात ठेवली आणि कापली. कोपऱ्यात धरली, तर नखभर फट! बाईंचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"भिंत वाकडी आहे, बाई."

"मग भिंतीला गुण्या लावा की," त्याची बायको म्हणाली. "इतकी वर्षं नुसता भिंतींनाच बोल लावताय."

त्याने लावला. भिंत सरळ होती. मग त्याने तोच गुण्या माझ्या खाचेला लावला आणि मधल्या फटीत नख घालून पाहिले.

"हा झिजलाय गं," तो हळूच म्हणाला. "आणि मी एकदाही बघितलं नाही."

पट्टीचे दुसरे टोक अजून कापायचे होते. तिकडे दोन बोटे लाकूड जास्तीचे होते. म्हणजे फसलेले टोक पुन्हा कापायची आणखी एकच संधी. त्याने मला बाजूला ठेवले. शेजारच्या पट्टीची नक्षी पेन्सिलीने टोकावर उतरवली, बारीक करवतीने सावकाश कापली, कानशीने घासली. पट्टी बसल्यावर बाईंनी स्टुलावर चढून कोपऱ्यावरून बोट फिरवले.

"जोड कुठे आहे?" त्यांनी विचारले. बायको हसली. सुताराने डोळे पुसले.

आता त्याने नवा साचा केला आहे. दर सोमवारी तो त्याला गुण्या लावतो आणि मी फळीवरून पाहतो. मित्रांनो, जे रोज मुकाट्याने तुमचे काम करतात, त्यांना कधीतरी थांबून पाहा. ते वाकडे नसतात, झिजलेले असतात. मला एवढेच हवे होते, आणि तेही बावीस वर्षांत एकदाच.