ओस्तीतला गहू

तपकिरी काचेच्या बाटलीत मसाला पार खाली गेला होता, लालसर, जरा गुठळ्या धरलेला, आणि जोआन ती बाटली खिडकीच्या उजेडात धरून हलवत होती. मिरच्या, धणे, तीळ, खसखस, हळकुंडं… ममा दर मे महिन्यात वाडीतल्या अंगणात चटईवर हे सगळं वाळवायची आणि मग एकेक जिन्नस वेगळा भाजायची. जोआन मनातल्या मनात ते भाजणं बघत गेली. कढईत मोहरी पडली, मिरी पडली, चणाडाळ पडली… आणि तिच्यामागून मूठभर काहीतरी सोनेरी, ज्याचा खरपूस वास आला की आपण धावत जाऊन गरम गरम दाणे तोंडात टाकायचो…

गहू. मसाल्यात गहू होता.

तिने बाटली खाली ठेवली.

पाव सोडून वर्ष होत आलं होतं. गहू पोटात गेला की तुमचं शरीर तुमच्याच आतड्यावर धावून जातं, असं परेलच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. चिमूटभरही नको, आयुष्यभर नको. तिने ते पाळलं होतं. नाश्त्याचा ब्रून पाव, ऑफिसातल्या वाढदिवसांचे केक, नाताळच्या मैद्याच्या फुग्या, सगळं सोडलं. स्वतःचा तवा वेगळा केला, तांदळाच्या भाकऱ्या थापायला शिकली. तरी गेल्या आठवड्यातला रक्ताचा रिपोर्ट वाईटच आला. कुठून तरी जातोय, नीट आठवून पाहा, असं बाई शांतपणे म्हणाल्या, आणि तिला चोरून पिणाऱ्या माणसासारखं वाटलं. मी चोरून काही खात नाही हो… हे ती मोठ्याने म्हणालीही नव्हती.

म्हणजे हा मसाला. ममाने जाण्याआधी केलेला शेवटचा. आधी सुटल्यासारखं वाटलं, की चूक माझी नव्हती. रडू येईल असं वाटलं, ते आलं नाही. तिने झाकण घट्ट लावलं आणि बाटली पपांच्या फळीवर ठेवून दिली.

पण विचार आपल्याला हवा तिथे थांबत नाही. मसाल्याच्या मागे आणखी काहीतरी उभं होतं, पांढरं, पातळ, गोल — दर रविवारी चर्चमध्ये फादर जिभेवर ठेवतात ती प्रसादाची चकती, ओस्ती. तीही गव्हाचीच. हे काय आज कळलं? पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. फक्त दर रविवारी आमेन म्हणताना ते मोजायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

आणि आज संध्याकाळी ममाला जाऊन वर्ष झालं म्हणून चर्चमध्ये तिच्या नावाची प्रार्थना, वर्षाची मिस्सा होती.

तिचे पपा, ऑस्वाल्ड, खुर्चीत बसून बुटांना पॉलिश करत होते. रे रोडला गोदीत फिटर होते तेव्हापासूनची ती रविवारची सवय. जोआनने मसाल्याचं सांगितलं; त्यांनी मान हलवली, तू तुझा वेगळा कर म्हणाले. मग तिने ओस्तीचं सांगितलं, आणि त्यांचा ब्रश थांबला.

“ती गहू नाय, बाय. फादरच्या हातात गेल्यावर ती गहू राहतच नाय, देवाचं शरीर होते.”

“माझाही तोच विश्वास आहे, पपा. पण आतड्याला तो नाही.”

त्यांनी बुटाच्या टाचेवरून ब्रश फिरवला. “आज तरी घे,” म्हणाले. “ममासाठी.”

घ्यावी का? एक दिवस. एवढीशी. नाही… अशाच एवढ्याशा करत तर हे वर्ष गेलं. आणि मग एकदम तिला हॉस्पिटलमधली ती दुपार आठवली, ममाला गिळता येत नव्हतं तेव्हाची — फादर जेरींनी तिच्या ओठांत ओस्तीऐवजी चमच्याने मिस्सेतल्या द्राक्षारसाचा थेंब सोडला होता, आणि पलंगापाशी उभे असलेले पपाच पुटपुटले होते, मिळालं तिला.

“ममाला शेवटी ओस्ती कुठे दिली होती?” ती म्हणाली. “तेव्हा तुला ते पुरं वाटलं होतं.”

त्यांनी दुसरा बूट उचलला.

ती मिस्सेच्या बरीच आधी चर्चमध्ये गेली. वाटभर वाक्यं जुळवत होती, पण फादर जेरींनी अर्ध्यातच समजून घेतलं. तुझ्यासाठी द्राक्षारसाचा लहान चषक वेगळा ठेवतो म्हणाले, माझ्या चषकात ओस्तीचा तुकडा पडतो, तो तुला नको. इतकं सोपं होतं तर मी इतके महिने… तिला स्वतःचा रागच आला.

“फक्त सगळ्यांच्या आधी पुढे यावं लागेल,” ते म्हणाले. “लोक बघतील. चालेल?”

इथेच तर सगळं अडलं होतं. ठाकूरद्वारपर्यंतची ओळखीची माणसं, त्यांचे डोळे, नंतरचे प्रश्न, बरी आहेस ना गो…

“चालेल,” ती म्हणाली. म्हणताना ते खरं नव्हतं, तरी म्हणाली.

वेळ आली तेव्हा ती एकटी उठली. बाकांमधली वाट लांब वाटली. कुणीतरी कुजबुजलं, बहुतेक तिच्याबद्दल, किंवा नसेलही. चषक ओठांना थंड लागला. द्राक्षारस आंबट होता, घशातून उतरताना ऊब देऊन गेला — आणि लगेच तोंडात काहीच उरलं नाही. ओस्ती टाळूला चिकटायची, विरघळायला वेळ घ्यायची; तेवढा वेळ प्रार्थनेचा असायचा. आता तो वेळ आपला आपणच भरायचा.

ती जागेवर येऊन गुडघे टेकून बसली. पपा रांगेतून परतले, डोळे अर्धवट मिटलेले, ओठ घट्ट, आणि तिच्या शेजारी टेकले. नेहमीपेक्षा जरा जवळ की जरा दूर, तिला ठरवता येईना. पुढच्या रविवारी पुन्हा सगळ्यांच्या आधी उठायचं होतं, त्याच्या पुढच्याही, आणि त्याची भीती शोधायला गेली तर ती मघाइतकी सापडली नाही.