सांजच्या जेवणाला हाय मी

मी पोपट बोलतोय. गोणपाटाखालून बोलतोय, म्हणून आवाज दबका वाटेल. हल्ली दुपार कलली की माझ्या पिंजऱ्यावर गोणपाट पडतं. का, ते ऐका.

सांगलीजवळच्या एका खेड्यात, तवनाप्पांच्या मळ्यातल्या आंब्याच्या ढोलीत माझा जन्म झाला. बहात्तरच्या दुष्काळात तो आंबा वठला आणि तोडला. मी खाली पडलो तेव्हा अंगावर धड पिसंही नव्हती. तवनाप्पांच्या लेकीनं, चंदनबालेनं, मला उचललं, भिजवलेली डाळ चुरून भरवली. डोळे नीट उघडले ते तिच्याच तोंडासमोर. हीच आपली आई, असं मी धरून चाललो. यात माझं काय चुकलं?

ती दाराबाहेर गेली की माझा जीव खालीवर व्हायचा. मी असा किंचाळायचो की गोठ्यातल्या म्हशी बुजायच्या. स्वतःचीच पिसं उपटायचो.

"तान्ह्या पोराला चुकवून जात्यात तसं परसदारानं जावं गं," तिची आई आक्काताई म्हणायची. "बघितलंच न्हाई तर कशाला रडंल?"

माणसांची ही रीतच आहे. पोराला खुळखुळा दाखवायचा आणि मागच्या दारानं सटकायचं. चंदनबालाही सटकायला लागली. मग तर मी तिच्यावरची नजरच हटवेना. ती नुसती पाणी प्यायला उठली तरी आकांत मांडायचो. तवनाप्पा वैतागून गोणपाट टाकायचे.

शेवटी चंदनबालेनंच डोकं चालवलं. ती मला तोंडावर सांगून जायला लागली. आधी नुसती विहिरीपर्यंत, मग बस्तीत, जैनांच्या देवळात, दर्शनाला, मग थेट सांगलीला शिवणक्लासला. निघताना पिंजऱ्यापाशी उभी राहून म्हणायची, "सांजच्या जेवणाला हाय मी."

हे घर जैनांचं. सूर्य मावळायच्या आत इथं जेवणं उरकतात. कुणी कुठंही गेलेलं असो, तोवर घर गाठतंच. तीही यायची. पण मी ओरडत असलो तर दाराआडच थांबायची. मी दमून गप्प झालो, शीळ घातली, की लगेच आत, हातात लाल मिरची. मला उमगायला वेळ लागला, पण उमगलं. माझी पिसं परत आली. शेजारणी मला बघायला यायच्या.

मग साताऱ्यात कापडाचं दुकान असलेल्या जिनदत्तशी तिचं लग्न ठरलं. अंगणात मांडव पडला. त्याचा अर्थ पोपटाला कोण सांगणार? पाठवणीच्या वेळी ती पिंजऱ्यापाशी आली. डोळे सुजलेले. मी नेहमीसारखी मान पुढं केली, तिनं खाजवली.

"सांजच्या जेवणाला हाय मी," ती म्हणाली. मी विश्वास ठेवला.

सगळं घर रडत होतं. तवनाप्पा मांडवाच्या खांबाला धरून रडले. आक्काताईनं टाहो फोडला. कधी न हलणारा गडी कोंडीबा, तोही डोळे पुसत होता. गप्प होतो तो एकटा मी.

"लय शहाणं पाखरू हाय बघा," कुणीतरी पाहुणा म्हणाला.

ऊन उतरलं. ताटं मांडली, ताटं उचलली. मी शीळ घातली. दार हललं नाही. घसा सुकेपर्यंत घातली, पण ओरडलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती तिकडं साताऱ्यातही सूर्य मावळायच्या आतच जेवत असणार, आणि मी इथं तिच्या जेवणाची वाट बघत होतो.

पंचमीला ती माहेरी आली. मी पाठ फिरवून बसलो.

"रागावलास व्हय रं?" ती म्हणाली.

तेवढ्यानं माझा राग गेला. असा मी मूर्ख. तिनं पिंजरा उघडताच तिच्या खांद्यावर जाऊन बसलो. उशीर झाला, पण आली, एवढंच मला वाटलं. चार दिवस कसे सुखात गेले. मग एका सकाळी तिनं पिंजरा पुढच्या दाराकडं टांगला, पेरूची फोड दिली. मी दाराकडं बघत खात बसलो. लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला, तेव्हा कळलं. परसदारानं गेली होती. या वेळी तिला माझ्यासाठी खोटंसुद्धा बोलावंसं वाटलं नाही.

तेव्हापासून मी किंचाळतोय. पिसं उपटून छाती पुन्हा उघडी पडलीय.

"एवढं शिकिवलं, समदं वाया गेलं," आक्काताई म्हणते आणि गोणपाट टाकते.

वाया नाही गेलं, आक्काताई. मी माझा धडा पाळला. मोडला तो तुमच्या लेकीनं.

तुमच्या घरी पोपट असेल, नाहीतर लहान पोर असेल, तर एवढं ऐका. जायचं तर जा. पण सांगून जा, आणि परत यायचं नसेल तर तेही सांगा. त्या दिवशी मी ऊर फुटेपर्यंत किंचाळलो असतो. सगळ्या घराला तिच्यासाठी रडायला मिळालं. मलाही मिळायला हवं होतं.

ताटांचा आवाज येतोय. सूर्य मावळतीला आला असावा, गोणपाटाखाली कळत नाही. आज शीळ घालायची नाही, असं मी रोज ठरवतो. आणि रोज, ताटं उचलायच्या आत, घालतो.