पाचवी वाफ

बस शेडमध्ये येऊन उभी राहिली तेव्हाच पेंटरबाईने ठरवून टाकलं होतं, की आपण होऊन काही बोलायचं नाही. बँडवाल्यांनी "चल" म्हटलं तर जायचं, बस्स. आता हिच्या मनातलं त्यांना कळावं कसं, ते देव जाणे!

अकरा वर्षांपूर्वी याच शेडमध्ये, रंगाच्या डब्यांच्या गर्दीत, पाच जणांचा बँड सुरू झाला होता. गाणं कमी आणि चहा जास्त, म्हणून नाव पडलं 'उकळी'. ड्रम ती वाजवायची. मग वडिलांना अर्धांगवायू झाला. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायला घरात दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा ती मागे राहिली आणि बाकीचे पुढे गेले. वडील गेले त्यालाही आता वर्ष झालं. आणि एक दिवस गाणाऱ्या लंब्याचा फोन आला, "पहिलाच मोठा दौरा आहे. बस तूच रंगवायचीस, चिन्हही तूच काढायचंस. दुसऱ्या कुणाला जमणार नाही ते." एवढ्यावरच बाई हुरळली.

नऊ दिवस ती शिडीवरून उतरलीच नाही म्हणा ना. घासकाम झालं, प्रायमर झाला, निळ्या रंगाचे दोन हात झाले. मग दाराशेजारी ही एवढी मोठी उकळती किटली. आधी सगळं खडूने आखायचं आणि मगच ब्रश लावायचा, ही तिची पद्धत. आखताना हाताने जुन्या सवयीने वाफेच्या पाच रेघा ओढल्या. पाच! बँडमध्ये माणसं आता चार. ती स्वतःवरच चिडली, पुसायला फडकं उचललं, पण पुसवेना. चार रेघा तिने पांढऱ्या रंगाने भरल्या आणि पाचवी खडूचीच ठेवली. बोलावलं तर दोन मिनिटांत भरून टाकू! खरं सांगायचं तर कपाटामागे कपड्यांची पिशवीसुद्धा भरून ठेवली होती वेडीने.

चौघं आले ते आरडाओरडा करतच. लंब्याने तर तिला मिठीच मारली. "अगं, काय केलंस हे! रडवशील आम्हाला."

"ड्रम अजून मशीनच वाजवतंय का रे?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मग काय! उशिरा येत नाही, रुसत नाही, चहासुद्धा मागत नाही."

सगळे हसले. तीही हसली. दुसरं काय करणार?

सामान चढलं, तिघं आत जाऊन बसले. लंब्या पायरीवर एक पाय ठेवून वळला. पांढऱ्यात बुडवलेला ब्रश तिच्या हातात तयारच होता.

"अगं, ही खडूची रेघ राहिलीय बघ," तो म्हणाला. आणि तिला परत शिडी चढायला नको म्हणून बिचाऱ्याने हात उंच करून शर्टाच्या बाहीने ती नीट पुसून काढली. "गेली ना?"

"गेली," ती म्हणाली, आणि पांढऱ्या रंगाच्या डब्याला झाकण लावलं.