पत्राची तारीख

आमच्या कॉलेजात उत्तरपत्रिका दोघांनी तपासायची पद्धत आहे. एकाचे गुण दुसऱ्याला दिसू नयेत म्हणून ते वेगळ्या कागदावर लिहायचे, मग समोरासमोर बसून ताळा करायचा आणि गठ्ठ्याच्या पहिल्या पानावर दोघांनी सह्या करायच्या. एक सही नसेल तर निकाल जात नाही. राज्यविचाराच्या पेपरला माझ्याबरोबर दुसरे परीक्षक स्वतः प्राचार्य असतात. राजाने कसं वागावं हे सांगणारा एक जुना ग्रंथ ते आठवड्यातून एकदा शिकवतात आणि प्रत्येक वाक्याला तीन वाक्यांचा खुलासा जोडतात, म्हणून मुलं त्यांना ‘तळटीप’ म्हणतात.

या वर्षी प्रश्न त्यांनीच काढला होता. ज्या परिस्थितीत वचन दिलं ती बदलली, तर राज्यकर्ता ते पाळायला बांधील राहतो का? यात नशिबाचा वाटा किती? आजूबाजूचं एक उदाहरण द्या.

पेपर बुधवारी झाला. त्याच्या दोन दिवस आधी, सोमवारी, तळमजल्यावरच्या पाळणाघराच्या दाराला नोटीस लागली होती: नव्या संगणकांसाठी खोली हवी असल्याने पाळणाघर एक तारखेपासून बंद. माझी दीड वर्षाची मुलगी, जिला घरात सगळे ठमी म्हणतात, नऊ ते पाच तिथेच असते. ते बंद म्हणजे माझी नोकरी बंद. नवरा सातला बाहेर पडतो, सासूबाईंना स्वतःलाच धरून उठवावं लागतं, आणि अनोळखी बाईच्या हाती मूल सोपवायची माझी छाती नाही. दोन तासांच्या मध्ये खिडकीतून डोकावून जाणारी आई मी. तिथल्या मावशी म्हणतात, “अहो, मुलगी कुठे पळत नाही. तुम्हीच जरा वर्गात थांबत जा.”

सत्राच्या पहिल्या आठवड्यात, पाळणाघर टिकेल याची खात्री वाटेना म्हणून, मी राजीनामा घेऊन प्राचार्य सरांकडे गेले होते. तेव्हा ते म्हणाले होते, “वर्षभर पाळणाघर हलणार नाही. माझा शब्द.” मी कागद परत पर्समध्ये टाकला आणि आनंदाने मावशींना सांगितलं. म्हणजे सगळ्या कॉलेजला सांगितलं.

नोटीस लागल्यावर मात्र मी त्यांच्याकडे गेले नाही. परिस्थिती बदलली, असं ते म्हणणार. तो तास मला पाठ आहे.

एक्केचाळीस उत्तरपत्रिका होत्या. सतरा जणांनी उदाहरण म्हणून पाळणाघर घेतलं होतं. नाव कुणीच घातलं नव्हतं, ‘एका संस्थेचे प्रमुख’ एवढंच. काहींनी सरांची बाजू घेतली होती: संगणक चारशे जणांचे, बाळं नऊ. एका उत्तरात लिहिलं होतं की बाळांना मत नसतं, म्हणून राज्यकर्त्याला झोप लागते. त्याला मी अर्धा गुण जास्त दिला आणि मग काढून घेतला.

तेविसावं उत्तर लहान होतं. जे आधी कळूच शकत नव्हतं त्यालाच नशीब म्हणावं, असं त्यात लिहिलं होतं. नोटिशीत वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, खोली मागणाऱ्या पत्राची तारीख आहे. ती वचनाच्या आधीची आहे. म्हणजे परिस्थिती बदललेली नाही, फक्त सांगितलेली नाही.

मी पेन ठेवून खाली गेले. ती नोटीस मी पाच वेळा वाचली होती आणि पाचही वेळा फक्त शेवटची ओळ. वर तारीख होती. सरांनी शब्द दिला त्याच्या एकोणीस दिवस आधीची.

परत येऊन मी वीसपैकी अठरा गुण दिले.

शुक्रवारी चार वाजता सरांच्या खोलीत ताळा करायला बसलो. बहुतेक उत्तरांत एकदोन गुणांचा फरक होता, तो मिटवत गेलो. तेविसाव्यापाशी ते थांबले.

“तुमचे?”

“अठरा.”

त्यांनी त्यांचा कागद माझ्याकडे फिरवला. अठरा. मग त्यांनी ते उत्तर मोठ्याने वाचलं, वर्गात वाचतात तसं, जागच्या जागी थांबत.

“चांगली नजर आहे. तुमच्या लक्षात नव्हतं आलं?”

“नाही. मी शेवटची ओळच वाचत होते.”

“घाबरलेला माणूस तीच वाचतो.”

“सर, पत्र टेबलावर असताना शब्द दिलात?”

“तुम्ही राजीनामा घेऊन उभ्या होतात. सत्र सुरू झालेलं. शिकवणार कोण?” अवघड उतारा समजावताना असतो तसा त्यांचा आवाज होता. “शिवाय मला वाटलं, संगणक काही वेळेवर यायचे नाहीत. आजवर कधी आलेत? या वेळी आले. याला मी नशीब म्हणतो.”

“याला उशिरावर ठेवलेला भरवसा म्हणतात सर. परीक्षेत नशीब म्हणून लिहिलं असतं तर तुम्हीच गुण कापले असते.”

“कापले असते,” ते म्हणाले. सही करून त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. निकाल पाचपर्यंत जायचा होता. साडेचार झाले होते. मी पेनला टोपण लावलं.

“काय झालं मॅडम?”

“ग्रंथालयामागची जुन्या मासिकांची खोली. पाळणाघराला, पुढच्या वर्षाच्या अखेरीपर्यंत. लेखी.”

“आणि नाहीतर?”

“गठ्ठा इथेच राहील.”

“त्या मुलांनी तुमचं काय बिघडवलंय हो?”

“काहीच नाही. खालच्या नऊ जणांनीही तुमचं काही बिघडवलं नव्हतं.”

ते घड्याळाकडे बघून हसले. “लेखी दिलेलंही मोडता येतं. तुम्हाला काय सांगायचं!”

“माहीत आहे. द्या तरीही.”

त्यांनी चार ओळी लिहिल्या, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि शिक्का मारला. मी सही केली. शिपाई गठ्ठा घेऊन गेला तेव्हा पाचला दहा कमी होते.

सही मी केलीच असती. फार तर आणखी पाच मिनिटं थांबले असते. ज्या मुलीने वा मुलाने ते तेविसावं उत्तर लिहिलं, त्याचा निकाल अडवणं मला जमलं नसतं. हे मी सरांना कळू दिलं नाही. अजूनही कळू दिलेलं नाही.

खाली जाताना कागदाच्या तीन प्रती काढून घेतल्या. ठमी मावशींच्या कडेवर होती.

“मागची खोली मिळाली,” मी म्हटलं.

“ती? तिथे झुरळं आहेत.”

“औषध मारू.” एक प्रत मी त्यांच्या हातात दिली. “ही तुमच्या घरी ठेवा मावशी. इथे नको.”